आभाळातले गोटे आणि त्यांचं गोत्र

देशातून आई-बाबा नाहीतर सासू-सासरे आले की अमेरिकेतल्या मराठी घरांत ग्रँड कॅन्यनचा बेत ठरतो. मोठी व्हॅन, मागे चिवड्याचा डबा, चहाचा थर्मास, आणि इंटरस्टेट ४० वर 'अजून किती लांब?' ही चौकशी. याच रस्त्यावर फ्लॅगस्टाफ आणि विन्स्लो यांच्यामध्ये एक पाटी लागते: मीटिऑर क्रेटर. बरीच मंडळी ती पाटी बघून पुढे निघून जातात. जी वळतात ती तिकीट काढतात, काठावर उभी राहून खाली बघतात, आणि त्यांतलं कोणीतरी हमखास म्हणतं, "आपलं लोणार यापेक्षा मोठं आहे!"

खरंच आहे ते. लोणारचं विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद, ॲरिझोनाचं १.२. लोणारमध्ये पाणी आहे, काठावर देवळं आहेत, लोणासुराची कथा आहे. मी मूळचा मेहकरचा, म्हणजे लोणार आमच्या अगदी शेजारी, त्यामुळे हा अभिमान माझ्याही अंगात आहे. पण एका बाबतीत ॲरिझोना पुढे आहे. तिथे आदळलेल्या लोखंडाचे तुकडे आजूबाजूच्या माळावर सापडले आणि त्यांचा बाजार उभा राहिला. लोणारला आदळलेल्या दगडाचा हातात धरावा असा एकही तुकडा आजवर मिळालेला नाही.

या बाजाराबद्दल आज लिहायचं आहे. गेली वीसेक वर्षं मी आभाळातून पडलेले दगड जमवतो, आणि अधूनमधून दुसऱ्या संग्राहकांना विकतोही. आमच्या सौ.च्या भाषेत "माणसं सोनं घेतात, हे गोटे घेतात." मंडळाच्या कार्यक्रमात कोणाला हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे हे विकत मिळतात? कोण विकतं? आणि मुळात हे कोणाचे?" पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्या प्रश्नावर या देशात सव्वाशे वर्षांहून जास्त काळ कोर्टकचेऱ्या चालू आहेत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आकाशात जळत जाते ती उल्का. जळून संपत नाही आणि जमिनीवर पोचते ती अशनी. आपण बोलताना दोन्हींना उल्काच म्हणतो, पण या लेखात दगड म्हणजे अशनी.

आभाळातून दगड पडतात हे युरोपातल्या विद्वानांना अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत पटत नव्हतं. शेतकरी सांगायचे, पंडित हसायचे. १७९४ मध्ये क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने पुस्तक लिहून हे दगड अवकाशातले आहेत असं मांडलं. पुढे १९ डिसेंबर १७९८ ला आपल्या काशीजवळ क्राखुत गावी दगड पडले. त्यांचे नमुने लंडनला पोचले, आणि एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने ते इतर ठिकाणच्या दगडांशी ताडून १८०२ मध्ये आपला निष्कर्ष छापला. वेगवेगळ्या देशांतल्या दगडांत निकेलवालं लोखंड होतं आणि बाकीची घडणही सारखी होती. म्हणजे या शास्त्राच्या पायाभरणीत एक दगड काशीचा आहे.

अमेरिकेची सुरुवात १४ डिसेंबर १८०७ ला झाली. कनेक्टिकटमधल्या वेस्टन गावावर पहाटे आगीचा गोळा दिसला आणि दगड पडले. येल कॉलेजचे प्राध्यापक सिलिमन आणि किंग्जली धावत तिथे गेले. पण गावकऱ्यांना वाटलं होतं की आभाळातून आलेल्या दगडात सोनं-चांदी असणार, म्हणून कित्येकांनी दगड आधीच फोडून टाकले होते. सर्वांत मोठा, सुमारे ३६ पौंडांचा दगड मात्र वाचला, आणि तो कर्नल गिब्ज नावाच्या श्रीमंत खनिज-संग्राहकाने मिळवला. पुढे १८२५ मध्ये येलने गिब्जचा अख्खा संग्रह विकत घेतला, त्यात हा दगडही आला. म्हणजे अमेरिकेत पडताना पाहिलेली ही पहिली नोंदलेली अशनी सुद्धा एका हौशी माणसाच्या हातून विद्यापीठात पोचली. हा क्रम लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा पुन्हा दिसेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यातून धंदा उभा राहिला. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला हेन्री वॉर्ड यांनी १८६२ मध्ये एक दुकानच काढलं. सांगाडे, भुसा भरलेले प्राणी, खनिजं, कॉलेजांना आणि म्युझियमना जे हवं ते. उतारवयात या गृहस्थांना अशनींचं वेड लागलं. एका दगडाचा तुकडा मिळावा म्हणून ते इराणपर्यंत गेले. १९०६ मध्ये बफेलो शहरात रस्ता ओलांडताना मोटारीखाली सापडून ते वारले. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. शिकागोच्या मंडळींनी डायनोसॉर बघून झाल्यावर तिकडेही एक चक्कर टाकावी.

फिलाडेल्फियाचे खनिज-व्यापारी डॉ. फूट यांनी १८९१ मध्ये ॲरिझोनाच्या त्या विवराजवळचं लोखंड शास्त्रज्ञांसमोर आणलं. त्यात बारीक हिरे निघाले आणि एकच खळबळ उडाली. मग कॅन्यन डायब्लोच्या व्होल्झ या दुकानदाराने माणसं लावून माळावरचं लोखंड वेचून घेतलं आणि वॅगनी भरून पाठवलं. डॅनियल बॅरिंजर यांना तर वाटलं की विवराच्या तळाशी लाखो टन लोखंडाचा गोळा पुरलेला असणार. १९०३ पासून त्यांनी खणायला सुरुवात केली आणि २६ वर्षं त्यात पैसा ओतला. १९२९ मध्ये गणित करून कळलं की एवढं लोखंड तिथे असणंच शक्य नाही, जे होतं त्यातलं बहुतेक आदळतानाच उडून गेलं. त्याच वर्षी बॅरिंजर वारले. लोखंडाबद्दल त्यांचा अंदाज चुकला, पण हे विवर ज्वालामुखीचं नसून आघाताचं आहे हे त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. १९६० मध्ये शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पक्कं केलं. लोणारच्या बाबतीत हेच १९७३ मध्ये सिद्ध झालं. ते काम अमेरिकेच्या स्मिथसोनियनचे फ्रेडरिकसन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची आपली मंडळी यांनी मिळून केलं.

या सगळ्या पुरुषमंडळींत मला सर्वांत आवडते ती कॅन्ससची एलायझा किंबर्ली. १८८५ च्या सुमारास ती नवऱ्याबरोबर कायोवा काउंटीत शेती करायला आली. त्या भागातल्या जमिनीत दगड जवळजवळ नाहीतच, पण त्यांच्या शेतात नांगराला काळे, जड गोटे लागायचे. शेजारी ते गवताच्या गंजीवर नाहीतर पिंपाच्या झाकणावर वजन म्हणून ठेवायचे. एलायझाने लहानपणी एक अशनी पाहिली होती. तिने हे गोटे गोळा करायला सुरुवात केली. नवरा चिडायचा, शेजारी हसायचे. आपल्याकडे पाट्या-वरवंट्याचा ढीग रचणाऱ्या बाईला लोक काय म्हणाले असते याचा विचार करा! ती मात्र पाच वर्षं प्रोफेसरांना पत्रं लिहीत राहिली. शेवटी १८९० मध्ये वॉशबर्न कॉलेजचे प्रा. क्रेगिन आले, त्यांनी ढीग पाहिला आणि दगड रोख पैसे देऊन विकत घेतले. आलेल्या पैशांत किंबर्ली कुटुंबाची शेती वाढली. त्या दगडांना आज जग ब्रेनहॅम म्हणून ओळखतं. लोखंडात मधासारखे पिवळे ऑलिव्हिनचे खडे जडवलेले, कापून उजेडात धरला तर देवघरातल्या रंगीत काचेसारखा दिसणारा हा दगड. २००५ मध्ये त्याच भागात जमिनीखालून ६५० किलोचा आणखी एक गोळा निघाला.

दगड कोणाचा?

एलायझाचा मामला सोपा होता, शेत तिचं आणि दगडही तिचे. पण दगड पडताना सातबारा बघून पडत नाही.

२ मे १८९० ला आयोवातल्या फॉरेस्ट सिटीजवळ दगड पडले. त्यांतला ६६ पौंडांचा एक गोडार्ड नावाच्या माणसाच्या माळावर पडला. गवतासाठी ती जमीन दुसऱ्याला खंडाने दिलेली होती. त्या खंडकऱ्याची परवानगी घेऊन होगलंड नावाच्या माणसाने तो उकरला आणि विंचेल यांना १०५ डॉलरला विकला. गोडार्डने दावा लावला. विंचेल यांची बाजू अशी, की आभाळातून आलेली वस्तू कोणाचीच नाही, सापडेल त्याची. १८९२ मध्ये आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की जमिनीत घुसली ती वस्तू जमिनीचा भाग झाली, म्हणून ती जमीनमालकाची. हाच निकाल इथे अजून आधाराला घेतात.

ओरेगनची गोष्ट तर सिनेमाला शोभेल. १९०२ मध्ये एलिस ह्यूज यांना शेजारच्या पोलाद कंपनीच्या जंगलात साडेपंधरा टनांचा लोखंडी गोळा दिसला. बाप-लेक आणि एक घोडा, एवढ्या बळावर त्यांनी स्वतः बनवलेल्या लाकडी गाड्यावरून तो पाऊण मैल ओढत आपल्या जागेत आणला. महिनोन् महिने हे काम चाललं होतं. मग वर शेड बांधली आणि बघायला २५ सेंट तिकीट लावलं. कंपनीच्या वकिलाला जंगलातून थेट शेडपर्यंत गेलेली वाट दिसली. कोर्टात ह्यूज यांच्याकडून असंही मांडलं गेलं की हा गोळा मूळच्या आदिवासींचा पवित्र दगड आहे, त्यांनी तो सोडून दिला, म्हणून तो सापडेल त्याचा. १९०५ मध्ये ओरेगनच्या सुप्रीम कोर्टाने तो कंपनीचाच ठरवला. मिसेस डॉज या धनिक बाईंनी तो विकत घेतला आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीला दिला. आपली मुलं शाळेच्या सहलीत ज्याला हात लावून येतात तो विलामेट हाच.

तिसरी गोष्ट अलाबामाची. ३० नोव्हेंबर १९५४ ला सिलाकॉगा गावात ॲन हॉजेस या बाई सोफ्यावर झोपल्या होत्या. छतातून दगड आला, रेडिओवर आपटून उडाला आणि त्यांच्या कमरेला लागला. बाई वाचल्या, पण घर भाड्याचं होतं. घरमालकीण म्हणाली दगड माझा. खटला, वकील, वर्तमानपत्रं, सगळं झालं. शेवटी ५०० डॉलर देऊन हॉजेस दांपत्याने दगड आपला करून घेतला, पण तोवर गिऱ्हाईक उरलं नव्हतं. १९५६ मध्ये तो राज्याच्या म्युझियममध्ये गेला. त्याच वेळी त्याच भागात मॅकिनी नावाच्या एका काळ्या शेतकऱ्याला दुसरा तुकडा मिळाला. त्यांनी गाजावाजा न करता तो विकला, आणि आलेल्या पैशांतून घर आणि गाडी घेतली. तो तुकडा स्मिथसोनियनमध्ये आहे.

सरकारी जमिनीचे नियम वेगळे. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने २०१२ मध्ये धोरण लिहून काढलं. हौसेसाठी वर्षाला १० पौंडांपर्यंत वेचायला मोकळीक आहे, पण ते विकता येत नाहीत. विकण्यासाठी वेचायचे तर परवाना लागतो. नॅशनल पार्कमधून तर खडासुद्धा उचलायचा नाही.

एक डॉलर पौंड

आजच्या बाजाराचा पाया ज्यांनी घातला ते हार्वी नाइनिंगर कॅन्ससच्या मॅकफर्सन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. ९ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री त्यांनी आकाशात अग्निगोल पाहिला आणि या नादाला लागले. १९३० मध्ये, म्हणजे ऐन मंदीत, पक्की नोकरी सोडून ते डेन्व्हरला गेले. आपल्याकडे अशा माणसाला चार वडीलधारी मंडळी समजवायला आली असती. नाइनिंगर गावोगाव हिंडले. शाळांत, चर्चमध्ये भाषणं द्यायची, अशनी कशी ओळखायची ते दाखवायचं, आणि 'असा दगड आणलात तर पौंडाला एक डॉलर देईन' म्हणून सांगायचं. दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याला गंजीवरच्या गोट्याचे पैसे मिळत होते. म्युझियमवाल्यांना जे वर्षानुवर्षं मिळालं नव्हतं ते या मास्तरांनी मिळवलं. खर्च भागवायला ते दगड कापून तुकडे विकायचे, त्यामुळे मोठमोठे शास्त्रज्ञ त्यांच्यावर नाराज असत. शास्त्र विकायला काढलं, असा एकूण सूर होता.

१९४६ मध्ये त्यांनी रूट ६६ वर, विवराजवळ, स्वतःचं म्युझियम काढलं. १९४९ मध्ये हमरस्ता सरकला आणि येणारी माणसं आटली. मग ते सेडोनाला गेले. १९५८ मध्ये त्यांनी संग्रहाचा एक भाग ब्रिटिश म्युझियमला १,४०,००० डॉलरला विकला. उरलेला देशाबाहेर जाऊ नये म्हणून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने १९६० मध्ये २,७५,००० डॉलरला घेतला. त्यातून टेंपीचं अशनी-अभ्यास केंद्र उभं राहिलं. ज्या माणसाला 'विक्या' म्हणून हिणवलं त्याच्या मालावर दोन मोठ्या संस्था आजही अभ्यास करतात.

तराजू, डबी आणि कागद

आता आजचा बाजार. दर फेब्रुवारीला ॲरिझोनातल्या टूसॉनला रत्न-खनिजांची जत्रा भरते, १९५५ पासून. मुख्य प्रदर्शनाच्या आसपास मोटेलच्या खोल्याखोल्यांत दुकानं लागतात. पलंगावर ट्रे, त्यांत दगड, आणि खुर्चीत मोरोक्कोचा, रशियाचा नाहीतर टेक्ससचा व्यापारी. घासाघीस बघून तुळशीबागेची आठवण येते. १९९० नंतर रशियाचे दरवाजे उघडले आणि १९४७ च्या सिखोते-अलिनचं लोखंड आलं. त्यानंतर सहारातून ढिगाने दगड येऊ लागले. कुठे सापडला ते नेमकं ठाऊक नसल्यामुळे अशा दगडांना 'नॉर्थवेस्ट आफ्रिका' आणि पुढे एक क्रमांक, एवढंच नाव मिळतं.

विक्री ग्रॅमवर चालते. सहाराची साधी दगडी अशनी ग्रॅमला डॉलर-दोन डॉलरलाही मिळते. चंद्राची किंवा मंगळाची असेल तर ग्रॅमला शेकडो डॉलर. अपोलोच्या यात्रींनी आणलेली चंद्राची माती खाजगी माणसाला विकत घेता येत नाही, पण चंद्रावरून आपसूक उडून आलेला दगड चालतो. पडताना पाहिलेल्या, काही कथा असलेल्या दगडाचा भाव वेगळाच. ९ ऑक्टोबर १९९२ ला न्यूयॉर्कजवळ पीक्सकिलला १२ किलोचा दगड एका जुन्या शेवरोले मालिबूच्या डिकीवर पडला. शुक्रवार संध्याकाळ, शाळाशाळांत फुटबॉल चालू, त्यामुळे कितीतरी पालकांच्या व्हिडिओत तो अग्निगोल आला. ती चेपलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली गेली! २६ मार्च २००३ ला मध्यरात्रीच्या सुमारास शिकागोच्या दक्षिणेला पार्क फॉरेस्टमध्ये घरांच्या छपरांतून दगड आले, आणि लगोलग व्यापारी रोख पैसे घेऊन दारात हजर. २२ एप्रिल २०१२ ला कॅलिफोर्नियात सटर्स मिलजवळ कार्बनवाली दुर्मिळ अशनी पडली. १८४८ मध्ये ज्या ठिकाणी सोनं सापडलं, तिथेच माणसं पुन्हा माना खाली घालून फिरू लागली. या वेळचा खडा त्याच वजनाच्या सोन्यापेक्षा महाग होता.

मी विकतो ते अगदी किरकोळ. दगडाशेजारी एक सेंटिमीटरचा ठोकळा ठेवून फोटो काढायचा, म्हणजे आकार कळतो. दशांश ग्रॅमपर्यंत वजन. लोखंडी असेल तर गंज धरू नये म्हणून ओल शोषणारी पुडी. काचेच्या झाकणाची, कापूस घातलेली डबी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चिठ्ठी: नाव, पडल्याची किंवा सापडल्याची तारीख, जात, वजन, आणि आधी कोणाकोणाकडे होता. ओहायोतले एक निवृत्त शिक्षक माझे जुने गिऱ्हाईक. ते दगड हातात घेण्याआधी चिठ्ठी वाचतात.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वराला गेलो की तीर्थोपाध्ये आपल्या वह्या उघडतात, आणि पणजोबा कोणत्या साली आले होते ते दाखवतात. अशनीची चिठ्ठी ही तशीच वही आहे. नाइनिंगरनी दगडावर रंगाने घातलेला बारीक क्रमांक दिसला की तोच दगड दीडपट-दुप्पट भावाने जातो. त्या आकड्यावरून तो कुठून आला, कोणी दिला, ते शोधता येतं. चिठ्ठी हरवलेला दगड रसायनाने अशनी ठरेलही, पण त्याचं गाव, त्याची तारीख कायमची गेली. त्याला गोत्र राहत नाही. म्हणूनच नव्या दगडाला अधिकृत नाव हवं असेल तर मीटिऑरिटिकल सोसायटीचा नियम आहे, की २० ग्रॅम किंवा वजनाचा पाचवा हिस्सा, जे कमी असेल तेवढं, मान्यताप्राप्त संस्थेत ठेवायलाच हवं. बाकीचा विका, पण अभ्यासासाठी वाटा काढून.

विकण्याची रेघ

काही वर्षांपूर्वी टूसॉनला एका व्यापाऱ्याने मी भारतीय म्हणून मुद्दाम आतला ट्रे काढला. त्यात हिंदुस्थानात पडलेल्या एका दगडाचा अंगठ्याएवढा तुकडा होता. कागद विचारला तर म्हणाला, "कागद नाही, पण अस्सल आहे." अस्सल असेलही. किंमत मला परवडणारी होती, मोहही झाला. पण भारतात पडलेल्या अशनी सांभाळण्याची जबाबदारी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. हा तुकडा इंग्रजांच्या काळात म्युझियमांच्या अदलाबदलीत रीतसर बाहेर आला, की परवा कोणाच्या खिशातून, हे सांगणारं काहीच नव्हतं. मी तो ठेवून उठलो.

आपला इतिहास यात गुंतलेला आहे. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमध्ये शेरगोटीला पडलेला दगड मंगळाचा निघाला, आणि त्यावरून मंगळाच्या दगडांच्या एका जातीचं नावच 'शेरगोटाइट' पडलं. त्यात सापडलेली मॅस्केलिनाइट नावाची आघाताने बनलेली काच लोणारच्या दगडांतही मिळाली. २९ जून १८४३ ला आपल्या खानदेशात माणेगावला पडलेला दगड ज्या जातीचा आहे ती जात वेस्टा या लघुग्रहावरून आलेली मानतात. तो आता जगात मूठभरच उरला आहे. २२ मे २०१२ ला भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलला दगड पडले, ते गोळा करायला सर्वेक्षणाची माणसं गेली. आणि माल फक्त बाहेरच गेला असंही नाही. १८६० च्या दशकात सर्वेक्षणाचे प्रमुख ओल्डहॅम यांनी मँचेस्टरच्या ग्रेग यांचा संग्रह विकत घेऊन कोलकात्याला आणला होता. संग्राहकाकडून संस्थेकडे, हा प्रवास तिथेही दिसतोच.

पण विक्रीला रेघ हवी. विलामेटचंच बघा. क्लॅकमस लोकांसाठी तो 'टोमॅनोवोस', देवाचा दगड. आपल्याकडे पडलेल्या दगडाला शेंदूर लागतो, हार पडतो, तशातलंच हे नातं. २००० मध्ये म्युझियमने त्यांच्या वंशजांशी करार केला, आणि ते वर्षातून एकदा येऊन त्याच्यापाशी आपले विधी करतात. पण त्याआधी १९९८ मध्येच म्युझियमने त्याचा २८ पौंडांचा तुकडा कापून मंगळाच्या एका दगडाच्या बदल्यात एका संग्राहकाला दिला होता. २००७ मध्ये तो लिलावात आला तेव्हा त्या लोकांनी दुःख व्यक्त केलं. तो विकला गेला नाही. आणि अगदी अलीकडे, १६ जुलै २०२५ ला, मंगळाचा २४ किलोंहून जड दगड न्यूयॉर्कच्या लिलावात कमिशन धरून सुमारे ५३ लाख डॉलरला गेला. तो २०२३ मध्ये नायजर देशाच्या वाळवंटात सापडला होता. लिलावानंतर नायजर सरकारने चौकशी लावली, की हा दगड देशाबाहेर गेलाच कसा? जगातल्या अतिशय गरीब देशांपैकी तो एक. त्या ५३ लाखांत वाळवंटात दगड शोधणाऱ्याच्या हातात किती पडले असतील, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

विक्रीच नको असं मी म्हणणार नाही. पैसे मिळाले नसते तर एलायझाचे गोटे गंजीवरच राहिले असते आणि सहारातले वाळूत. पण मी स्वतःपुरते तीन नियम ठेवले आहेत. चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ज्या देशाने बाहेर न्यायला बंदी केली आहे तिथला बंदीनंतरचा माल घ्यायचा नाही. आणि विकताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या सोबत द्यायच्या, आपली एक जोडून.

आता माझ्याकडे त्रेचाळीस दगड उरले आहेत. मुलीला त्यांत रस आहे, पण तिच्या अपार्टमेंटमध्ये जागा नाही. म्हणून हळूहळू वाटणी चालू आहे: काही जुन्या गिऱ्हाइकांना, काही एका शाळेला. मुलांना दगड हातात धरू देतो. फक्त चुंबक लावू देत नाही. दगडातली कोट्यवधी वर्षांपूर्वीची चुंबकीय नोंद साध्या चुंबकाने पुसली जाते, हे शास्त्रज्ञ आता कळकळीने सांगतात.

तुमच्या अंगणात कधी जड, काळ्या सालीचा, बाकीच्यांपेक्षा वेगळा गोटा दिसलाच, तर हातोडी आणू नका आणि धुऊही नका. आधी तो जागेवर असताना फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, जमीन कोणाची ते बघा, मग जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला विचारा. बहुतेक वेळा तो भट्टीतला लोखंडी मळच निघेल, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आणि याच दिवाळीत वेळ काढून घरातल्या आणखी काही वस्तूंना चिठ्ठ्या लावून ठेवा. आजीची तांब्याची कळशी, आजोबांची अडकित्ता-पेटी, देशातून सुटकेसच्या तळाशी गुंडाळून आणलेला तो एक पितळी दिवा. कोणाचा, कुठल्या गावचा, कोणत्या साली आला, चार ओळी पुरतात. आपल्यानंतर मुलं तो दिवा ठेवतीलही, पण कोणाचा हे त्यांना सांगणारं कोणीतरी हवं.